गरोदरपण आणि दारू : दार लोटून घेतल्यावर विचारले जाणारे प्रश्न

पालघर जिल्ह्यात बावीस वर्षं मी नर्स आहे, त्यातली बहुतेक बाळंतपणाच्या वॉर्डात आणि गरोदर बायकांच्या तपासणीत गेली. एका अंगाला वसई-विरारच्या सोसायट्या, दुसऱ्या अंगाला डहाणू-जव्हारचे पाडे. दारूचा प्रश्न दोन्हीकडून येतो, भांडं तेवढं बदलतं. कुठे काचेचा ग्लास, कुठे स्टीलचा तांब्या. पण चारचौघींत हा प्रश्न कुणी काढत नाही. वजन होतं, बीपी होतं, कार्ड हातात मिळतं, बाई दारापर्यंत जाते आणि दार लोटून परत फिरते. "सिस्टर, एक विचारू?"

असे परत फिरून विचारलेले प्रश्न इथे लिहिते आहे. उत्तरं तिथे देते तशीच दिली आहेत.

कधीतरी एखादा ग्लास घेतला तर? तेवढंही चालत नाही का?

नाही चालत. अमुक एवढी दारू घेतली तर बाळाला काही होणार नाही, अशी मात्रा आजवर कुणालाच ठरवता आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते आणि तुमच्या गावची आशाताईही हेच सांगेल. दिवस गेल्यापासून बाळंत होईपर्यंत दारू पूर्ण बंद. मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील, तर तेव्हापासूनच बंद.

"पण एका ग्लासाने नुकसान होतंच, हे तरी सिद्ध झालंय का?" असं एका शिकलेल्या मुलीने मला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. भरपूर पिण्याने बाळाच्या मेंदूला इजा होते, यात शंका उरलेली नाही. एका बैठकीत चार-पाच पेग रिचवणं तर फारच वाईट, कारण त्या वेळी रक्तातली दारू एकदम वर चढते. अगदी थोड्या दारूने किती बिघडतं, हे मोजणं मात्र अवघड आहे. गरोदर बाईला मुद्दाम दारू पाजून तपासणी करता येत नाही, करूही नये. शिवाय तोच एक ग्लास एकीला सोसतो, दुसरीला नाही, आणि आपण त्यातली कोण हे आधी कळायला मार्ग नाही. म्हणून रेघ शून्यावर ओढायची.

मी पिते, मग ती बाळापर्यंत कशी पोचते?

तुमच्या रक्तातून वारेत आणि वारेतून नाळेवाटे बाळाच्या रक्तात. वार काही गोष्टी अडवते, दारू अडवत नाही. थोड्याच वेळात तुमच्या रक्तात जेवढी दारू असते, साधारण तेवढीच बाळाच्या रक्तात होते. तुमचं लिव्हर ती फोडून बाहेर काढतं. बाळाचं लिव्हर त्या कामाला अजून तयारच झालेलं नसतं. त्याच्या अंगातली दारू परत तुमच्या रक्तात येऊन तुमच्या लिव्हरनेच निस्तरायची असते.

त्यात आणखी एक फेरा आहे. बाळ गर्भजलात लघवी करतं आणि तेच पाणी गिळतंही. त्यामुळे दारूचा काही भाग त्या पाण्यात साठून राहतो. आईची झिंग उतरते, ती झोपते, सकाळी उठून डबा करायला लागते, तरी आत ते पाणी पूर्ण निवळलेलं असेलच असं नाही.

बिअर, वाइन, ताडी हलकी असते ना? कडक दारू मी घेतच नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकडेच मांडते. तीस मिलीचा छोटा पेग, मग ती व्हिस्की असो, रम असो की फेणी, त्यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आता स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घ्या, तिच्यावर ८ टक्के लिहिलेलं असतं. हिशेब केला तर तिच्यात ४१ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निघतं, म्हणजे चार छोटे पेग. वाइनचा १५० मिलीचा ग्लास दीड पेगाएवढा भरतो. आमच्याकडची ताडी ५ टक्के धरली, तर लिटरभराच्या तांब्यात पुन्हा चार पेग झाले. आणि ताडीचं मोजमाप कोण करतं? सकाळी उतरवलेली सौम्य असते, दुपारपर्यंत तीच चढती होते.

बाळाला बाटलीवरचं नाव कळत नाही. "झाडाची आहे, नैसर्गिक आहे" याने काही फरक पडत नाही, आणि नाताळात वसईकडच्या घरांत केलेली घरची वाइनही वाइनच असते. नीरेबद्दल विचाराल, तर ती सूर्योदयाच्या आधी उतरवलेली आणि थंड ठेवलेली असेल तरच नीरा म्हणायची. उन्हात काही तास राहिली की तिची ताडी होते. चवीवरून किंवा वासावरून शंका आली तर ग्लास खाली ठेवा.

मोहाच्या बाबतीत एक सांगायचं राहता कामा नये. मोहाची वाळवलेली फुलं भाजून, कुटून, भाकरीत किंवा लाडवात घालून खाणं हा आपल्याकडचा जुना आहार आहे, त्यात दारू नाही. तीच फुलं आंबवून गाळली की दारू होते आणि ती बंद. बाहेरून आलेले काही लोक मोहाच्या नावानेच नाक मुरडतात. त्यामुळे पाड्यावरची पोर फुलं खायलाही घाबरते. तिने खावीत.

हातभट्टीचा धोका वेगळाच आहे. तिच्यात मिथेनॉल मिसळलेलं असू शकतं, ते डोळे आणि जीव दोन्ही घेतं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूने शंभराहून जास्त माणसं गेली.

दिवस गेल्याचं माहीतच नव्हतं, तेव्हा प्यायले. आता काय करू?

आधी बसा. पाणी प्या. हे विचारताना बायका रडतात, आणि ते रडणं मी फार जवळून पाहिलं आहे.

लग्नाचा वाढदिवस असतो, ऑफिसची पार्टी असते, गोव्याची सहल असते, पाड्यावर कुणाचं लग्न असतं. पाळी चुकल्याचं दोन-तीन आठवड्यांनी ध्यानात येतं, मग कॅलेंडर उघडून बाई मागे मोजत बसते. मोजताना तारखेचा घोळ होतो. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. म्हणजे डॉक्टर "पाच आठवडे" म्हणतात तेव्हा बाळ खरं तर तीन आठवड्यांचं असतं. पुष्कळदा त्या पार्टीच्या दिवशी गर्भ राहिलेलाही नसतो, किंवा नुकताच राहिलेला असतो आणि वार अजून तयार झालेली नसते. अशा वेळी धोका कमी मानतात. अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही.

आता करायचं एवढंच की आजपासून थांबायचं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू नसेल तर सुरू करायची, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना किती आणि कधी घेतली ते सांगायचं. सुरुवातीला एखाद-दोन वेळा प्यायलेल्या बहुतेक बायकांची मुलं चांगली होतात. कळल्या दिवशी थांबलेल्या बाईने बाळासाठी खूप मोठं काम केलेलं असतं, कारण मेंदू शेवटच्या दिवसापर्यंत वाढत असतो.

"मग हे मूल पाडावं का?" हे फार हळू आवाजात विचारलं जातं. नुसतं कळायच्या आधी प्यायले म्हणून गर्भपात करा, असं कोणताही जाणता डॉक्टर सांगणार नाही. भीतीपोटी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊन आमच्या वॉर्डात आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

कोणत्या महिन्यात धोका सगळ्यात जास्त? पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर चालतं का?

कोणताच महिना सुरक्षित नाही. नुकसान कशाचं होतं ते वेळेप्रमाणे बदलतं. गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चेहऱ्याची जडणघडण सुरू होते. त्या वेळच्या जास्त दारूचा ठसा चेहऱ्यावर उमटू शकतो. पहिल्या तिमाहीत हृदय, मूत्रपिंडं, हाडं घडतात आणि गर्भपाताचा धोकाही तेव्हाच जास्त. पुढच्या महिन्यांत बाळाचं वजन आणि उंची मार खाते, वेळेआधी बाळंतपण होऊ शकतं. मेंदू मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत घडत असतो आणि शेवटच्या तिमाहीत तर झपाट्याने वाढतो. "आता बाळ पूर्ण झालंय, आता काय होणार" हे म्हणूनच खरं नाही.

बाळाला नेमकं होतं तरी काय?

यात बरंच काही येतं. गर्भपात, मूल पोटातच दगावणं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, हृदयाला छिद्र, ऐकण्याचे-पाहण्याचे दोष. आणि मेंदूची इजा, जी जन्मभर सोबत राहते. जगलेल्या मुलांत दिसणाऱ्या अशा इजांच्या सगळ्या छटांना मिळून डॉक्टर एफएएसडी (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हणतात. त्यातला सगळ्यात तीव्र प्रकार म्हणजे फीटल अल्कोहोल सिंड्रोम.

हे उशिरा ध्यानात आलं. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये नांत शहरातल्या पॉल लेमवान या डॉक्टरांनी दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांची पाहणी छापली. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी, लेमवान यांचं काम माहीत नसताना, तेच पाहिलं आणि आजाराला नाव दिलं. त्या मुलांचे चेहरे एकमेकांसारखे दिसत होते. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखालून ओठापर्यंत येणारी जी खोबण आपल्या सगळ्यांना असते, ती सपाट.

पण चेहऱ्याच्या या खुणा थोड्याच मुलांत दिसतात. बहुतेकांचा चेहरा तुमच्या-माझ्यासारखाच असतो आणि दुखणं आत, न दिसणारं असतं.

एक मुलगा सांगते. आठ वर्षांचा, हसरा, कुणाच्याही मांडीवर जाऊन बसणारा. त्याच्या आईने माझ्यासमोर टेबलावर चिंचोके मांडले. पाच आणि तीन किती? त्याने एकेक करून मोजले आणि आठ म्हणाला. आईने तेच चिंचोके हाताने थोडे पसरवले आणि पुन्हा विचारलं. तो पहिल्यापासून मोजायला लागला, सहावर अडकला आणि माझ्याकडे बघून हसला. सोमवारी पाठ झालेला पाढा बुधवारी जातो, असं आई म्हणाली. शाळेत त्याला खोडकर म्हणतात, कारण "रांगेत उभा राहा, मग डबा काढ, मग हात धू" यातलं पहिलंच त्याला आठवतं. शिक्षा झाली की तो खरोखर गोंधळतो. चूक आणि शिक्षा यांची सांगड त्याच्या डोक्यात बसतच नाही. आईने गरोदरपणातलं पिणं मला पहिल्या भेटीत सांगितलं नाही. तिसऱ्या भेटीत सांगितलं.

एफएएसडी असलेल्या मुलांचं असंच असतं. लक्ष टिकत नाही, गणित आणि पैशाचा व्यवहार जमत नाही, वेळेचं भान राहत नाही, भोळेपणामुळे कुणीही फसवतं. बुद्ध्यांक चांगला असूनही हे असू शकतं, आणि म्हणूनच मुलाला आळशी ठरवलं जातं. यावर पूर्ण बरं करणारं औषध नाही.

सोनोग्राफीत कळतं का?

नाही. हृदयाचा दोष किंवा खुंटलेली वाढ दिसू शकते, मेंदूच्या कामातली इजा दिसत नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून प्यायला हरकत नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका.

आमच्या आजीने नऊही महिने ताडी घेतली, सगळी पोरं ठणठणीत. मग?

तुमच्या आजीची पोरं ठणठणीत आहेत याचा मला आनंद आहे. असं होतं. २०१७ मध्ये मांडलेला एक जागतिक अंदाज असा आहे, की गरोदरपणात पिणाऱ्या साधारण १३ बायकांमागे एकीच्या बाळाला एफएएसडी होतो. म्हणजे बारा जणींच्या बाळांना होत नाही, आणि त्या बारा जणींच्या गोष्टी गावभर सांगितल्या जातात. तेराव्या आईचं मूल "जरा मंद आहे" म्हणून घरात बसतं, त्याचा संबंध कुणी ताडीशी लावत नाही. जी मुलं पोटात गेली किंवा जन्मल्यावर महिनाभरात गेली, ती तर आजीच्या मोजणीतही नसतात. कधी जुन्या बाईजवळ बसून विचारा, "एकूण किती झाली होती?" आणि मग विचारा, "जगली किती?"

बाईचं खाणंपिणं, वय, अंगातलं रक्त, दारू पचवण्याची जन्मजात ताकद या सगळ्याने फरक पडतो. एकाच पोटातल्या जुळ्यांत एकाला जास्त आणि एकाला कमी इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

बहीण लंडनला असते. तिथले डॉक्टर थोडी चालते म्हणतात ना?

म्हणत असत. ब्रिटनमध्ये पूर्वी सल्ला असा होता, की पहिले तीन महिने टाळा आणि प्यायचीच असेल तर आठवड्यातून एक-दोनदा अगदी थोडी. २०१६ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तो बदलला. आता तिथेही सांगतात, अजिबात न पिणं हेच सगळ्यात सुरक्षित. बहिणीने कदाचित आधीच्या बाळंतपणात ऐकलेलं असेल.

वैद्यकाने मत बदलण्याची ही पहिली वेळ नाही. साठ-सत्तरच्या दशकांत वेळेआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवण्यासाठी बायकांना चक्क अल्कोहोलची सलाईन लावत. ते पुढे बंद झालं. त्यामुळे "आमच्या वेळी डॉक्टरच देत" असं कुणी म्हातारं माणूस म्हणालं, तर ते खोटं बोलत असेलच असं नाही. अमेरिकेत १९८९ पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर बायकांसाठी इशारा छापतात. आपल्याकडे २०१८ च्या नियमांनी ठरवलेला इशारा आरोग्याला अपाय आणि पिऊन गाडी न चालवणं एवढ्यावरच थांबतो. पोटातल्या बाळाचा त्यात उल्लेख नाही, आणि मला हे फार खटकतं.

दशमूलारिष्ट, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब, केक? यातही असते ना?

असते, कशात कमी कशात जास्त. आसवं आणि अरिष्टं आंबवूनच करतात, त्यांच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं असतं, पाच ते दहा टक्के किंवा थोडं वरही. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नका. वैद्यांनी दिलं तर "मला दिवस आहेत" हे स्पष्ट सांगून पुन्हा विचारा. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तिथेही लेबल वाचा किंवा केमिस्टला विचारा. होमिओपॅथीत मदर टिंक्चर, म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेला मूळ अर्क, टाळा. साखरेच्या गोळ्यांत उरणारा अंश नगण्य असतो.

रममध्ये फळं भिजवून केलेला नाताळचा केक या दिवसांत सोडून द्या. शिजवल्यावर सगळी दारू उडून जाते हा समज चुकीचा आहे, बराच वेळ शिजवलं तरी थोडी उरतेच. व्हिनेगर चालतं, त्यामुळे विंदालू आणि लोणची बिनधास्त खा. "नॉन-अल्कोहोलिक" बिअरमध्ये थोडा अंश असू शकतो, लिंबूपाणी बरं. हाताला लावायच्या सॅनिटायझरची काळजी करू नका.

नवरा पितो. त्याचाही परिणाम होतो का?

नवऱ्याच्या पिण्याने एफएएसडी होत नाही, त्यासाठी दारू गर्भातल्या बाळाच्या रक्तात जावी लागते. पण खूप पिणाऱ्या पुरुषाचे शुक्राणू कमकुवत होतात. मूल हवं असेल तर त्यानेही काही महिने आधी थांबावं.

माझा अनुभव मात्र वेगळं सांगतो. ज्या घरात पुरुष थांबतो तिथे बाई सहज थांबते. आणि ज्या घरात तो संध्याकाळी चपटी उघडून "घे ग, एक घोट काय होतो" म्हणतो, तिथे "नको" म्हणायला बाईला रोज नव्याने बळ गोळा करावं लागतं. काही घरांत त्या "नको" ला मार मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशात पंधरा वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष दारू पितात असं आढळलं, बायका १.३ टक्के. म्हणजे बहुतेक गरोदर बायकांच्या वाट्याला दारू येते ती दुसऱ्याच्या हातातून आणि तोंडातून. पोटावर लाथ बसली असेल, रक्त जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

आणि तो १.३ टक्का ऐकून "म्हणजे आपल्याकडे हा प्रश्नच नाही" असं म्हणू नका. मीही सुरुवातीची काही वर्षं तपासणीत हा प्रश्न विचारत नसे. साडी नेसलेल्या, कपाळाला कुंकू लावलेल्या बाईला कसं विचारायचं, असं वाटायचं. माझ्या त्या संकोचामुळे किती जणी न सांगताच परत गेल्या असतील, ते आज आठवलं की वाईट वाटतं. आता सगळ्यांना विचारते, तंबाखू आणि मशेरीच्या प्रश्नाला जोडूनच.

मला रोज लागते. एकदम सोडू का?

घरी एकटीने एकदम सोडू नका. हे वाक्य दोनदा वाचा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक बंद केली, तर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन भलतंच दिसायला लागतं. यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. याचा अर्थ पीत राहा असा मुळीच नाही. आजच दवाखान्यात या, भरती व्हा, डॉक्टर औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन काही दिवसांत सुखरूप बाहेर काढतात.

आणखी एक. "दारू सोडवणारी पावडर" म्हणून काहीबाही विकलं जातं आणि घरचे ते बाईच्या नकळत जेवणात मिसळतात. गरोदर बाईच्या बाबतीत असं कधीही करू नका. त्यात काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि दारूशी रिअ‍ॅक्शन होणारं औषध असेल तर बाई कोसळते.

मदतीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्हीला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून काम चाललं आहे आणि बायकांसाठी तिथे वेगळी सोय आहे.

बाळंतिणीला ब्रँडी देतात, बाळाच्याही छातीला चोळतात. ते बरोबर आहे का?

किनारपट्टीला हे अजून चालतं. पाळण्याशेजारी सुती फडकं, त्यावर चमचा आणि ब्रँडीची छोटी बाटली मी स्वतः पाहिली आहे. आजीने मायेनेच ठेवलेली होती, थंडी बाधू नये म्हणून. मी बाटली उचलून आजीच्याच हातात दिली आणि सांगितलं, बाळाला टोपी घाला, आईच्या छातीशी उघडं धरा, याहून चांगली ऊब नाही. बाळाची कातडी पातळ असते, चोळलेली ब्रँडी आत जाते. चाटवली तर रक्तातली साखर उतरून बाळ निपचित पडू शकतं. त्याला थेंबभरही नको.

आईने प्यायली तर दूध आणि रक्त यांत दारूचं प्रमाण जवळपास सारखंच राहतं. अर्ध्या ते एका तासात ते सगळ्यात वर असतं. दूध पिळून टाकल्याने दारू लवकर उतरत नाही, वेळच जावा लागतो, एका छोट्या पेगाला साधारण दोन तास. बिअरने दूध वाढतं हे खरं नाही. उलट पान्हा फुटायला त्रास होतो. प्यायलेल्या कुणीही, आई असो की बाप, बाळाला शेजारी घेऊन झोपू नये. गाढ झोपेत बाळ दबतं.

माझं मूल मोठं झालंय आणि हे वाचून मला शंका येतेय. कुठे जाऊ?

जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, त्याला डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे मोफत तपासतात. अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीचं पथक येतं, त्यांनाही दाखवता येतं. डॉक्टरांना गरोदरपणातल्या दारूबद्दल सांगा, नाहीतर निदान भलतीकडे जातं. सहा वर्षांच्या आत कळलं आणि घर शांत असलं, तर मुलाचं पुढचं पुष्कळ सावरतं. घरी एका वेळी एकच काम सांगा, रोज त्याच क्रमाने, शक्य असेल तर चित्र काढून भिंतीला लावा. चिंचोके मोजणाऱ्या त्या मुलाच्या आईने मोरीच्या भिंतीवर तीन चित्रं लावली, ब्रश, तांब्या आणि टॉवेल. आता तो सकाळी तिला हाक न मारता तयार होतो.

डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. सासूबाई सोबत असतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी गर्दीही असते. तुम्ही एवढंच करा. वजनकाट्यावर उभ्या राहिलात की नर्सच्या कानाशी म्हणा, "सिस्टर, मला एकटीला बोलायचंय." कारण द्यायची गरज नाही. सासूबाईंना बाहेर कसं बसवायचं ते आम्हाला ठाऊक असतं. "आतून तपासायचंय, जरा बाहेर थांबा" एवढं म्हटलं की पुरतं. मग दार लोटून घेऊ.

आत आल्यावर काय बोलायचं तेही सुचत नसेल, तर या तीन गोष्टी सांगा. काय घेतली, साधारण किती घेतली, आणि शेवटची कधी घेतली.